वाणाच्या गाळण्या

नेहरू नगर, भोपाळ
१३ जानेवारी

ति. नरहरकाकांस,
संपदाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे वर्षातून चार पत्रं तरी माझ्या हातून लिहून होतात. आज मात्र अक्षराला हसू नका, खुशीत धड लिहवत नाहीये.

आमच्या वॉर्डातून नगर निगमला प्रतिभाताई उभ्या आहेत. कोटऱ्याच्या तीन गल्ल्यांना नळ मिळेपर्यंत निगमच्या ऑफिसात बसून रोज डबा खाणाऱ्या, त्याच. पार्टी आमची एवढीशी, स्वतःचं चिन्हसुद्धा नाही. कार्यकर्ते अकरा, त्यातली मी एक. पोळ्या लाटून झाल्या की मतदार यादी काखेत मारून निघते ती पाय बोलायला लागेपर्यंत. मागच्या वेळी सेहेचाळीस मतांनी सीट गेली, यंदा सोडायची नाही.

परवा चिन्ह मिळालं, चहाची गाळणी. इथे तिला छन्नी म्हणतात. आणि काका, संक्रांतीच्या वाणासाठी दिवाळीतच मी चौक बाजारातून काय आणून ठेवलंय? साठ गाळण्या. रविवारी, १८ तारखेला हळदीकुंकू आहे. प्रतिभाताई स्वतःच्या हाताने एकेकीला वाण देणार. समोरच्या उषामावशींनाही बोलावलंय. त्या दुसऱ्या पार्टीच्या, तीस वर्षं त्यांच्या बूथवर बसतात, पण शेजार तो शेजार. त्यांचा चेहरा बघायची मला फार घाई झाली आहे.

सुधाकाकूंना नमस्कार. आशीर्वाद असतोच, या महिन्यात थोडा जास्तीचा पाठवा.

तुमची संपदा

*

इंदूर
१७ जानेवारी

चि. सौ. संपदा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं आणि वाचता वाचता चहा निवून गेला. अगं, कलेक्टर कचेरीत माझी अठ्ठावीस वर्षं गेली, एकाही निवडणुकीची ड्यूटी चुकली नाही, आणि माझीच पुतणी उमेदवाराच्या हातून मतदारांना वस्तू वाटणार. तीही चिन्हाचीच. तू त्याला वाण म्हण, आचारसंहिता भेटवस्तू म्हणते. एक गाळणी एका बाईच्या हातात पडली आणि फोटो निघाला, तर प्रतिभाताई निवडून आल्या तरी कोर्टाच्या पायऱ्या चढत बसतील.

आमच्या चिरंजीवांना, केदारला, तुझ्या फोनमागे लावलंय. तू उचलत नाहीस, रवींद्ररावांचा लागत नाही. उद्याच रविवार, म्हणजे हे पत्र तुला वेळेत मिळायचं नाही हे मलाही कळतं. राहवत नाही म्हणून लिहितो. तोवर मला जे सुचेल ते मी करीन.

जिवाला घोर लावून ठेवला आहेस, तो उतरवणारं पत्र लवकर येऊ दे.

तुझा नरहरकाका

*

नेहरू नगर, भोपाळ
२० जानेवारी

ति. काकांस शि. सा. न.

तुमचं पत्र आज आलं. शनिवारी माझा फोन प्रचाराच्या ऑटोत राहिला, तो काल मिळाला, आणि हे टूरवर होते. जे व्हायचं ते होऊन गेलं.

रविवारी साडेपाचला बायका जमल्या. कुंकू लावून झालं, तिळगूळ झाला. प्रतिभाताईंनी पहिली गाळणी उचलली आणि दारात निवडणुकीचं भरारी पथक, बरोबर कॅमेरावाला. एकही वाटली गेली नव्हती, म्हणून समज देऊन सोडलं. गाळण्या मात्र घेऊन गेले. आणखी पाच मिनिटं उशीर झाला असता तर मॅडमवर केस झाली असती, असं तो अधिकारी जाताना सांगून गेला. प्रतिभाताई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. गंमत म्हणजे कालपासून सगळा वॉर्ड त्यांना छन्नीवाली दीदी म्हणतोय. चिन्ह आता कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

हे काम कोणाचं ते उघड आहे. उषामावशी बोलावणं असून आल्या नाहीत, पंधरा वर्षांत पहिल्यांदाच. काल तिळगूळ घेऊन फाटकाशी आल्या, तर मी त्यांच्या देखत पडदा ओढून घेतला. माझ्या मनातून त्या पार उतरल्या.

रागावला असलात तरी पत्र लिहायचं थांबवू नका.

संपदा

*

इंदूर
२३ जानेवारी

चि. सौ. संपदा हिस आशीर्वाद.

पडदा उघड. तक्रार मी केली.

रविवारी दुपारपर्यंत तुझा पत्ता लागेना, तेव्हा केदारकडून भोपाळच्या निवडणूक नियंत्रण कक्षात फोन लावून घेतला आणि माझं नाव, पत्ता, सगळं रीतसर नोंदवलं. वाटण्याआधी पथक आलं तर समज देऊन भागतं, वाटल्यावर आलं तर गुन्हा होतो. दुसरा मार्ग मला दिसला नाही. पुतणीच्या घरावर पथक धाडताना जीव तुटला, आणि सुधा तर दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. तूही हवं तितकं रागाव, पण माझ्यावर. त्या बाईंकडे आजच जा.

हे वाचूनही काका म्हणणार असलीस तर तसं कळव.

नरहरकाका

*

नेहरू नगर, भोपाळ
१ फेब्रुवारी

ति. काकांस, हो, काकांसच, शि. सा. न. वि. वि.

आपण जिंकलो. त्रेसष्ट मतांनी. काल मोजणीच्या दारात मी प्रतिभाताईंना उचललं म्हणतात, मला आठवत नाही. गुलाल अजून केसांतून निघालेला नाही. तुमच्यावर दोन दिवस चिडले होते, तिसऱ्या दिवशी जमेना.

तुमचं पत्र मिळालं तशी मी उषामावशींकडे गेले होते. आधी खूप वेळ नुसती रडले, मग माफी मागितली. त्या म्हणाल्या की गाळण्या मी दिवाळीतच त्यांना दाखवल्या होत्या, त्यामुळे चिन्ह कळलं त्याच दिवशी पुढचं सगळं त्यांच्या लक्षात आलं. मला सावध करावं तर पार्टीशी बेइमानी. वाटताना पाहावं तर कळवणं भाग. म्हणून त्या रविवारी खिडक्या लावून घरात बसून राहिल्या, काही दिसूच नये म्हणून. आणि आता मतदान होईपर्यंत माझ्या दारात येऊ नकोस, आमच्या लोकांना संशय येईल, असंही बजावलं.

मी ऐकलं, चार दिवस तिकडे फिरकले नाही. काल मिरवणूक आमच्या गल्लीत शिरली, सगळे नाचत होते. मी मधूनच निघाले आणि त्यांचं दार वाजवलं. तीस वर्षं सांभाळलेलं बूथ काल त्यांच्या हातून गेलं होतं, आणि त्या एकट्याच घरी होत्या.

इंदूरला येते, तेव्हा काय रागवायचं ते समोर बसवून रागवा.

तुमची संपदा