रुबोंडो बेटावर मराठी चालते

२ ऑगस्ट, बेसिंगस्टोक, इंग्लंड.
उर्वी सप्टेंबरमध्ये झूऑलॉजी शिकायला ॲबर्डीनला जाणार. घरात मी मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. शाळेत जायला लागल्यापासून हेच. जाण्यापूर्वी पोरीने एकदा तरी माझ्याशी मराठीत नीट बोलावं! म्हणून रुबोंडो. टांझानियातलं, व्हिक्टोरिया सरोवरातलं जंगलाचं बेट. तिला चिंपांझी दिसतील, मला मुलगी मिळेल.
शिवाय तिथे स्वाहिली. चहाला चाय, गाडीला गारी, रंगाला रंगी! निम्मी भाषा आपलीच. मराठीचा जगात काय उपयोग, हे तिला प्रत्यक्ष दाखवणार. नीना म्हणाली, निदान एखादं ॲप तरी बघ. बायकोला आत्मविश्वास नाही.

९ ऑगस्ट, रुबोंडो.
बोटवाले वयस्कर, म्हणून मान ठेवून मामा म्हटलं. हसून हसून सुकाणू सुटलं. रेंजर उंचापुरा तरुण. त्याला दादा म्हटलं. स्वयंपाकघरातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. इतका जिव्हाळा मला ऑफिसात कधी मिळाला नाही. उर्वीने हुडी डोळ्यांवर ओढून घेतली. गहिवरली असावी.

१० ऑगस्ट.
दिवसभर जंगलात तंगडतोड. चिंपांझी नाहीत, त्यांची रिकामी घरटी. माश्या पँटमधून चावतात. उर्वी रेंजरशी अखंड बोलते. मला 'फाइन, बाबा'.

१० ऑगस्ट, जेवणानंतर.
नीनाने सांगितलं. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. दादा म्हणजे बहीण. उर्वीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी फार खुशीत होतो म्हणून तिने मला कळू दिलं नाही.
चूक त्यांची आहे. शब्द बरोबर आहेत, लिंग चुकलंय. कधी मराठी बोललीच तर उर्वीचंही चुकतं.
तरी वाईट वाटलं. उद्यापासून रेंजरला फक्त 'सर'.

११ ऑगस्ट, शेवटचा दिवस.
दिसले! उंबरासारख्या झाडावर चिंपांझीण, पोटाशी पिल्लू. उर्वीने श्वास रोखलेला, डोळ्यांत पाणी. तिने न बघताच माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. रेंजर मात्र खाली पाऊलखुणा बघत होता. बिचाऱ्याचं हुकू नये म्हणून सांगितलं, दादा, वर बघा!
जरा मोठ्याने झालं. तोंडात बसलेलं होतं.
फांदी हलली. झाड रिकामं. हातही सुटला. खूप वेळ थांबलो, काही परत आलं नाही.
उर्वी त्या फांदीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली आणि शांतपणे, चक्क मराठीत म्हणाली, बाबा, आता तू काही बोलू नकोस.
पूर्ण वाक्य. व्याकरणात एक चूक नाही. शाब्बास म्हणावंसं वाटलं. पण बोलायचं नव्हतं.