झुंबरची झाडं

मु. पो. सणसर, ता. इंदापूर
दि. ६ मार्च १९९९

चि. झुंबर यास आक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहेत असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. मनिषाची तब्येत कशी आहे? बाळाला दात आले का? आबांचा पाय जरा दुखावलाय, काळजीचं काही नाही. आमच्या छकुलीची परीक्षा तोंडावर आली आणि ही पोरगी दिवसभर पंचायतीतल्या फोनजवळ घुटमळते. कुणाचा फोन आला की निरोप घेऊन वाडीभर पळायला मिळतं, म्हणून.

आता कामाचं. तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, हुकूमच तो. उरलेल्या माळाचा ठराव करून पाठव, जूनच्या आत तार ओढून खड्डे घ्यायचेत, मोठे साहेब स्वतः झाड लावायला येणार आहेत, माझ्या बढतीचं त्याच्यावर आहे. सही पाहिजे असली की मी सरपंच आहे हे तुला बरोबर आठवतं. एरवी मी तुझी सातवी पास बहीण, जिला माळ म्हणजे काय ते तू पुण्यात बसून समजावतोस. "ओसाड जमीन" असं लिहिलंयस. अरे, त्या ओसाड जमिनीवर मेंढरं चारून आबांनी तुला डिप्लोमा केला. ती खरोखर ओसाड असती तर तू आज खांद्यावर घोंगडं टाकून इथंच हिंडत असतास.

तुमच्या कंपनीच्या फोनच्या टॉवरबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच लिहून ठेवते. नाहीतर आक्काला सुधारणा नको म्हणून तू मनिषापुढं गाऱ्हाणं मांडशील. टॉवरचा ठराव मीच केला. टॉवरमुळं पाऊस पळून जातो म्हणून अर्धी ग्रामसभा माझ्या अंगावर आली होती, तेव्हा तू नव्हतास, मी होते. फोन आला, बरं झालं. जानेवारीत बंदुका घेऊन जीप आली होती शिकारीला. तुमच्या टॉवरचा वॉचमन भीमा, त्यानं खोलीतला फोन उचलून वन खात्याला कळवलं आणि जीप बारामतीच्या रस्त्याला लागायच्या आत धरली गेली. पूर्वी आम्हाला सकाळी नुसतं रक्त दिसायचं. कंपनीचे उपकार मी विसरलेले नाही.

पण टॉवर उभारताना चार बाभळी पाडल्या म्हणून तुमच्या कंपनीला निसर्गाची दया आली, तिथं सगळं बिघडलं. नुसता टॉवरपुरता चौकोन कुंपणात घेतला असता तर कोण काय म्हणालं असतं? तुम्ही निम्मा माळ काटेरी तारेत घातला आणि सुबाभूळ, निलगिरी लावून फोटो काढलेत. ही कल्पना तुझी होती, असं तू अभिमानानं लिहिलं होतंस. तेव्हा मलाही कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

वर्ष झालं नाही अजून, काय झालंय ते ऐक. पाझर तलाव तारेच्या पलीकडं आणि हरणं अलीकडं. लांडगा दिसेनासा झाला. त्याचं तुला वाईट वाटणार नाही, मलाही वाटलं नव्हतं, पण तो गेला आणि मोकाट कुत्र्यांना रान मोकळं झालं. उघड्या माळावर हरीण कुत्र्याच्या बापाला सापडायचं नाही. आता ते पळत पळत तारेपाशी येतं आणि तिथं थांबतं. पुढचं मी लिहीत नाही. कुसळी गवतात टिटवीची अंडी असायची, तिथं तुमचे खड्डे आहेत. मेंढरांना कालव्याच्या रस्त्यानं वळसा घालावा लागतो, मग उसवाल्यांच्या शिव्या खायच्या. परवा तर एकानं कोकरू धरून ठेवलं. सरपंचबाईंनी येऊन सोडवून न्यावं म्हणे.

माळाला झाडं नकोत रे. माळाला गवत पाहिजे. एवढी साधी गोष्ट आहे, पण ती तुमच्या साहेबांच्या फोटोत दिसत नाही.

तर ठराव होणार नाही. आबांना विचारतो म्हणशील. आबांना काही विचारू नकोस आणि सध्या त्यांना पत्रही घालू नकोस. त्यांचा पाय बरा होऊ दे.

तुझी आक्का
(आणि सरपंच, दोघींचं म्हणणं एकच आहे)


सणसर
दि. ११ एप्रिल १९९९

झुंबर,

आबांना लिहू नकोस म्हटलं होतं. तू नेमकं तेच केलंस. छकुलीनं पत्र वाचून दाखवलं आणि आबांनी मला बोलावून सांगितलं, "म्हाळसा, सही कर." बस, एवढंच. माझं ऐकूनच घेत नाहीत. तुझ्या पत्रातलं वाक्य मात्र त्यांनी छकुलीकडून तीनदा वाचून घेतलं. "आबा स्वतः माझ्या झाडांना पाणी घालतात, आणि आक्काच आडवी येते." व्वा. मी आडवी येते.

आबा पाणी घालतात हे तुला भीमानं सांगितलं असणार. त्यानं अर्धंच सांगितलं. तुमच्या कंपनीचा टँकर दिवाळीनंतर आलाच नाही. झाडं सुकायला लागली तसं आबांनी कावड काढली. हापशावरून पाणी भरायचं, माळ चढायचा, एकेका झाडाला तांब्यानं घालायचं. मी ओरडले, ह्यांनी, म्हणजे तुझ्या दाजींनी, समजावलं, काही उपयोग नाही. "झुंबरची झाडं हायती," म्हणायचे. मेंढरं तारेजवळ गेली तर दगड मारून हाकलायचे. ज्या माणसानं आयुष्यात मेंढराला दगड मारला नाही, त्यानं. तारेच्या आत गवत कमरेइतकं वाढलेलं, आणि आबांची स्वतःची मेंढरं बाहेर उपाशी. मी डोकं आपटून घ्यायची तेवढी बाकी होती.

तुम्ही दोघं बापलेक सारखेच आहात. एक पुण्यातून झाडं लावतो, दुसरा इथं ती जगवतो, आणि माळ मरतोय ते मी एकटीनं बघायचं.

आता जे लिहू नये अशी आबांची शपथ आहे ते लिहिते. शपथ मोडली म्हणून ते माझ्याशी बोलणार नाहीत. न बोलू देत. तसंही ते माझं ऐकत नाहीतच.

आबांचा पाय दुखावलेला नाही. कमरेचं हाड मोडलंय. बारामतीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळई आहे. काठी घेऊन घरात हिंडतील, डॉक्टर म्हणाले. मेंढरांमागं आता जाणं नाही.

फेब्रुवारीतली दुपार होती. आबा कावड घेऊन गेले होते. कुत्र्यांनी गाभण हरिणी दामटली, ती तारेत शिरली आणि काट्यांत अडकली. आबांनी कुत्री हाकलली आणि घोंगडं टाकून तिला सोडवायला गेले. त्यांचं वय काय, ते करतात काय. तिचं अंग सुटलं तसा तिनं झटका दिला आणि आबा मागच्या मागं खडकावर आपटले. किती वेळ उन्हात पडून होते कुणास ठाऊक. भीमाला टॉवरवरून घोंगडं दिसलं म्हणून कळलं. त्यानंच फोन करून जीप मागवली. म्हणजे तुमच्या तारेनं पाडलं आणि तुमच्याच फोननं वाचवलं. आता मी राग कुणावर काढू ते तूच सांग.

जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कण्हत नव्हते. मला वाटलं पाणी मागतील. ते म्हणाले, "झुंबरला कळता कामा न्हाय. पोरानं चांगल्या मनानं लावल्यात. त्याच्या तारंत बाप पडला म्हनून कळलं, तर त्यो तितं जेवल का?"

तू विचारलंसच तर कालव्याच्या बांधावरून घसरले एवढंच सांगायचं ठरलं. वाडीनंही ते पाळलं. भीमानंसुद्धा. मीही मागच्या पत्रात पाळलं.

दवाखान्यातून आल्यावर ह्यांनी तलावाच्या वाटेवरची तेवढी तार तोडायचं ठरवलं. आबांना कुणकुण लागली. चौघांकडून बाज उचलून घेतली आणि तारेला लावून ठेवली, वर स्वतः झोपून राहिले. "माझ्या पोराची तार हाय. कुणी हात लावायचा न्हाय." भर उन्हात. शेवटी कुणी हात लावणार नाही असं मी कबूल केलं तेव्हा घरी आले. आता सांग, सरपंच म्हणून मी काय करू? बापावर नोटीस काढू?

मनिषाला हे पत्र हळूच सांग, बाळ अजून अंगावर पितंय. तुझ्यावर रागावून रागावून मी दमले. तू वाईट केलंस असं मला म्हणायचं नाहीये. तू विचारलं नाहीस, एवढंच. तुला माळ माहीत होता, म्हणून तू विचारायला पाहिजे होतंस.

जेवलास का ते कळव.

आक्का


सणसर
दि. २ मे १९९९

चि. झुंबर,

तुझा फोन आला तेव्हा पंचायतीत माणसं होती म्हणून मला नीट बोलता आलं नाही. छकुली म्हणाली, मामाचा फोन कट झाला. मी म्हटलं, नाही गं, आहे तो.

मागाहून तुझं पत्र पोचलं. मोठ्या साहेबांनी ऐकून घेतलं हे चांगलं झालं. टॉवरच्या चौकोनापुरती तार ठेवायची, बाकी माळ मोकळा करायचा, भीमाच्या खोलीत वन खात्याचा नंबर लिहून ठेवायचा आणि शिकारीची गाडी दिसली की कळवायचं हे त्याचं कामच धरायचं, हे सगळं मला मान्य आहे. तसा ठराव आज सकाळी केला. सोबत जोडलाय. फोटो काढायचाच असेल तर साहेबांना पावसाळ्यानंतर घेऊन ये, गवताचा काढू देत. तुझ्या बढतीचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. मी समजायचं ते समजले.

पण तार काढायला ठेकेदाराची माणसं पाठवतो असं लिहिलंयस, ते मला मान्य नाही. ती माणसं गाडीतून उतरायच्या आत आबा पुन्हा बाज उचलायला लावतील. त्या तारेला आबा फक्त एका माणसाला हात लावू देतील. तो पुण्यात बसून बायकोला म्हणतोय की मी आबांना तोंड कसं दाखवू. मनिषानं मला फोनवर सांगितलं, तिच्यावर चिडू नकोस.

आणखी एक सांगायचं राहिलं. रोज दिवस मावळताना आबा विचारतात, "झुंबरच्या झाडांला पानी घातलं का?" मी हो म्हणते. पहिले दोन-चार दिवस खोटं म्हटलं, मग माझ्याच्यानं होईना. तेव्हापासून मी आणि छकुली घागरी घेऊन माळावर जातो. ज्या झाडांना मी सकाळी पंचायतीत शिव्या देते, त्यांना संध्याकाळी पाणी घालते. हे तुझ्या दाजींनासुद्धा माहीत नाही, आणि त्यांना सांगशील तर बघ.

तुझ्या पत्राचं आबांना बोलले नाही. शपथ मोडली हे त्यांना अजून माहीत नाही. झुंबर झाडं बघायला येतोय, एवढंच सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी दाढी करून, पटका बांधून बाजेवर बसतात. एसटीचा आवाज आला की मान वर करतात. भीमाला निरोप पाठवलाय, पोरगं यायचंय, तारेजवळचं कुसळ साफ करून ठेव, त्याच्या पँटीला लागंल.

तू कशाला येतोयस ते मी त्यांना सांगणार नाही. ते तुझं तू सांग. बाजेवर त्यांच्या शेजारी बस, आधी पायाला हात लाव, मग सांग. मी चुलीपाशी असेन, मध्ये येणार नाही. आजवर खूप आडवी आले.

येताना पक्कड घेऊन ये. गावात आहे, पण तुझी आण.

वाट बघणारी,
आक्का