टिलॉटसननी न दिलेलं मत

प्रिय लव्हिना,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हे पत्र न वाचताच चुलीत घालायचं तुझ्या मनात आलं असेल, तर जरा दम धर. गेल्या हिवाळ्यात बाबांनी वय झालं म्हणून लिहून ठेवलेल्या मृत्युपत्रात शेत, मेपलची झाडं आणि सगळ्या मेंढ्या माझ्या एकट्याच्या नावे केल्याचं तुला कळलं, तेव्हापासून चर्चच्या दारात तू मला फक्त 'बरे आहात ना?' एवढंच विचारतेस. सख्ख्या भावाला 'आहात'! मी निवडणुकीला उभा राहिलो तेव्हा तू शेजारणीला म्हणालीस म्हणे, 'शेत मिळालं, आता खुर्चीही हवी झाली.' म्हण बाई, काय हवं ते म्हण. पण आज माझ्या डोक्यावरचं एवढं ओझं उतरलंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही, आणि ती कुणीतरी तूच आहेस.

खुर्ची म्हणशील तर पाठ टेकायची सोय नसलेला बाक आहे. आपल्या राज्याची रीत तुला ठाऊकच आहे, गाव केवढंही असो, विधानसभेत माणूस एकच पाठवायचा. त्यामुळे नदीकाठच्या गिरण्यांच्या शहराचा एक आणि डोंगरातल्या चार चुलींच्या वस्तीचाही एक. सभागृहात वकील मूठभर, पण बोलतात तेच. बाकी आम्ही मेंढीवाले. शिवाय एक वैद्य, दोन पाद्री, आणि एक लोहार, जो 'नाही' म्हणताना बाकावर मूठ आपटतो. ऑक्टोबरात लोकरीच्या कोटांत सगळे शेकोटीजवळ बसलो की दमट मेंढवाड्याचा वास सुटतो. व्हिग आणि डेमोक्रॅट, दोन्ही पक्षांचे लोक दिवसभर एकमेकांना लाखोली वाहतात आणि संध्याकाळी पेटिबोनबाईंच्या खाणावळीत एकाच भांड्यातल्या घेवड्यावर तुटून पडतात. एवढंच नाही, खाटा कमी म्हणून एका खाटेवर दोघं निजतात.

आमच्यासमोर यंदा एकच खरा कायदा होता. बाईला आईबापांकडून यापुढे जे मिळेल, जमीन असो की जनावर, ते लग्नानंतरही तिचंच राहावं, तिच्या संमतीशिवाय नवऱ्याला विकता येऊ नये. आजवर काय होतं ते तुला मी काय सांगू? आईनं लग्नात दिलेली तांबडी घोडी कुठे गेली? आजीचा माग? चांदीचे चमचे? नवरा म्हणून ओरिन वाईट माणूस नाही, हे मी शपथेवर सांगेन. तो हसत येतो, हसत विकतो आणि पोरांना मिठाई आणतो. पण त्याला पश्चिमेकडच्या जमिनीची स्वप्नं पडतात, आणि प्रत्येक स्वप्नाला काहीतरी विकावं लागतं. आणि कायदा त्याच्याच बाजूनं होता.

वरच्या सभागृहानं आमचा कायदा मंजूर केला होता, पण आमच्याकडे दोन्ही बाजू जवळजवळ तुल्यबळ होत्या, आमचं जेमतेम एक मत जास्त. बरोबरी झाली असती तर सभापती तो पाडणार होते, तसं ते उघड बोलले होते. आमच्या बाजूला थ्रॉल नावाचे म्हातारे डिकन, म्हणजे चर्चचे कारभारी होते, ठार बहिरे, चार लेकींचे बाप. विरोधकांचे पुढारी जज्ज टिलॉटसन. आवाज असा की खिडक्या हलाव्यात. 'बायकांच्या हाती मालमत्ता दिलीत तर घराला दोन मालक होतील, आणि दोन मालकांचं घर टिकत नाही!' हे त्यांचं पालुपद. आता गंमत बघ, हे दोघं कितीतरी वर्षं एकाच खाटेवर निजत आले होते. टिलॉटसन म्हणायचे, 'थ्रॉल बहिरा आहे म्हणून माझं घोरणं त्याला चालतं.'

गेल्या आठवड्यात थ्रॉलना ताप भरला, तेव्हा त्यांना घोडागाडीत घालून घरी धाडलं. जाताना त्या दोघांनी जोडी लावली. म्हणजे विरुद्ध मताच्या दोघांतला एक गैरहजर असेल, तर दुसऱ्यानंही मत द्यायचं नाही. कागद नाही, सही नाही, नुसतं हस्तांदोलन. टिलॉटसन गाडीच्या चाकाशी उभे राहून म्हाताऱ्याच्या कानात ओरडले, 'निवांत बरा हो रे! तुझ्यामागे मी बोटही वर करणार नाही!' मी तिथेच होतो. मला बरं वाटलं, कारण हिशेब जमत होता. दोघंही वगळले तरी आमचं एक मत जास्तच राहत होतं.

आज सकाळी गाडीवान आला तो टोपी हातात घेऊनच. थ्रॉल गेले होते.

मी बोटांवर मतं मोजली: टिलॉटसननी मत दिलं तर बरोबरी, आणि कायदा पडला. दुःख होतंच, पण खोटं कशाला बोलू, आधी हा हिशेबच सुचला. विरोधकांनी टिलॉटसनना शेकोटीपाशी घेरलं. 'जज्जसाहेब, मेलेल्याशी कसली जोडी? तुम्ही सुटलात!' लोहार तर म्हणाला, 'देवानंच कौल दिलाय की!' टिलॉटसन मात्र थ्रॉल बसायचे त्या रिकाम्या बाकाकडे बघत राहिले.

मग नावं पुकारायला लागले. वर सज्जात बायका विणकाम घेऊन बसल्या होत्या. 'टिलॉटसन' पुकारलं तेव्हा वरच्या सुया थांबल्या. ते उठले. 'मी या कायद्याच्या विरुद्ध आहे, मरेपर्यंत राहीन,' ते म्हणाले. माझं तर धाबंच दणाणलं. 'पण माझी डिकन थ्रॉलशी जोडी लागली आहे. मी मत देत नाही.' एकच गदारोळ झाला. कुणीतरी ओरडलं, 'अहो, तो मेलाय!' टिलॉटसन वळले आणि म्हणाले, 'मी शब्द दिला तेव्हा तो जिवंत होता ना? मग त्यातून मला सोडवणारही तोच.' आणि खाली बसले.

मी 'व'च्या रांगेत, जवळजवळ शेवटचा. 'व्हिटकॉम!' म्हटल्यावर 'होय' म्हणताना माझा आवाज पोरासारखा चिरकला. एका मतानं कायदा झाला, लव्हिना! राज्यपालांनी दुपारीच सही केली. बाहेर पायरीवर मी टिलॉटसनचा हात धरायला गेलो तर खेकसले, 'आभारबिभार मानलेत ना, व्हिटकॉम, तर याद राखा. घरं मोडतील तेव्हा मी तुमच्याच दारात येऊन बसेन.' डोळे लाल झाले होते त्यांचे. मी हळूच टोपी काढली आणि वाटेतून बाजूला झालो.

आता ज्याबद्दल बाबांनी तोंडावर बोट ठेवायला लावलं होतं, ते सांगतो. मृत्युपत्र लिहिलं त्या दिवशी ते मला म्हणाले, 'ओबेड, हे शेत लव्हिनाचं आहे. पण आज तिच्या नावे लिहिलं आणि मी गेलो, तर वसंतापर्यंत मेंढ्या ओरिनच्या खिशात जातील. कायदा बदलेपर्यंत तू धरून ठेव. तिला सांगू नकोस, ती नवऱ्याचा अपमान समजेल. तो माझ्या नातवंडांचा बाप आहे.' तुझा अबोला मी त्यापायी सोसला, आणि तो मला फार लागला. मी उभा राहिलो तो या एका मतासाठी. शेतावर जाऊन हे पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. कायदा यापुढे मिळणाऱ्या मालमत्तेला लागू आहे, म्हणजे आता त्यांनी तुझ्या नावे केलं की ते तुझंच राहील. लगेच गावातले न्यायाधीश घरी बोलवा, माझं नाव खोडा आणि तुझं घाला. बाबांची तब्येत नाजूक आहे, माझ्यासाठी खोळंबू नका. हात थरथरतो त्यांचा, तेव्हा सही करताना कागद तू धर.

तुझाच,
ओबेड