टाचणीच्या तीन सबबी

प्रिय ठमे,

पाकिटावर आईचं अक्षर आणि आत माझं, हे पाहून तुझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली असेल. चुकचुकू दे, तिचं बरोबर आहे. सहा वर्षांत ज्या माणसाने एक ओळ लिहिली नाही तो एकदम चार पानं लिहितो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं तुझ्या जागी मीही म्हटलं असतं. तेव्हा आधी एक गोष्ट सांगून टाकतो. तुझा पत्ता मला माहीत नाही. शोधायचा म्हटला असता तर दोन दिवसांचं काम होतं, हे तुलाही ठाऊक आहे, पण मी तो शोधलेला नाही. हे पाकीट बंद करून आईच्या हातात देणार आणि ती पत्ता लिहीत असताना मागच्या गॅलरीत जाऊन उभा राहणार. टपालपेटीपर्यंतही तीच जाईल. तिने तशी अटच घातली आहे.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण सकाळचं फिरणं ती सोडत नाही. समोरच्या घरात नवा भाडेकरू आलाय. दिवसभर घरातच असतो, कामावर जाताना कधी दिसत नाही, आणि पार्सलं मात्र रोज येतात. मी आईला म्हटलं, हा माणूस मला सरळ वाटत नाही. तिने चौकशी केली तर तो लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो. आता त्याने आईचंही एक चित्र काढून दिलंय, ते तिने फ्रिजवर लावलंय. तरी मला विचारशील तर इतकी पार्सलं नुसत्या रंगांची असतात का? आई म्हणते, लोक ताक फुंकून पितात, हे बाबा पाणीसुद्धा गाळून, उकळून, वर आधी दुसऱ्याला प्यायला देऊन पितात.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या अ‍ॅपची नवी आवृत्ती अडकली आहे हे मला माहीत आहे. दचकू नकोस. ओपन सोर्स म्हणजे चव्हाट्यावरचं काम. कोडची ओळ न् ओळ, तुमचे वाद, तुमचे रुसवेफुगवे, सगळं कुणालाही वाचता येतं. घर सोडून आलेल्या बायकांच्या निवाऱ्यांमध्ये तुमचं अ‍ॅप वापरतात, कारण त्यातले निरोप आणि कागदपत्रं तिसऱ्या कुणाला वाचता येत नाहीत. फक्त फोटोंमध्ये एक भोक राहून गेलं होतं. फोटोत जागेचा ठावठिकाणा दडलेला असतो, तो तुमचं अ‍ॅप पाठवताना पुसून टाकतं. पण फोटो उघडण्याआधी त्याची जी छोटी प्रतिमा दिसते, तिच्यातून तो तसाच जात होता. ते भोक सापडलं, बुजवलंही. पण बुजवलेली आवृत्ती बाहेर पडायला दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. एक तुझी. दुसरी ज्याने करायची त्या ‘टाचणी’ नावाच्या माणसाबद्दलच तुम्हाला संशय आलाय. रविवारी पाच वाजता त्याने स्वतःची ओळख दिली नाही तर त्याला काढायचं आणि त्याचं सगळं कामही काढून टाकायचं, असं तू जाहीर केलं आहेस. त्या कामात फोटोची दुरुस्तीही आहे. ती पुन्हा लिहायला दोन महिने लागतील, आणि तोवर त्या बायका आपापल्या नव्या खिडकीतून फोटो काढून आईला, बहिणीला पाठवत राहतील.

तू आता म्हणशील, फोटोच्या भोकाबद्दल उघड्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही, ते फक्त आमच्या चौघांत आहे, मग बाबांना कसं कळलं? बरोबर आहे. तिथे येतोच आहे, जरा दमाने घे.

मी या भानगडीत पडलो तो वाचनालयातल्या टेबलामुळे. दर बुधवारी दुपारी तिथली ग्रंथपालबाई आमच्यासारख्या निवृत्तांना फोन सुरक्षित कसा ठेवायचा ते शिकवते. पासवर्ड कसा निवडायचा, कुठल्या अ‍ॅपला कॅमेरा वापरू द्यायचा आणि कुठल्याला नाही, असं सगळं. तिने तुमचं अ‍ॅप दाखवलं तेव्हा मी ताडकन विचारलं, यात बनवणाऱ्यांचा फायदा काय? कुणी उगाच काही करत नाही. ती हसून म्हणाली, “काका, विश्वास ठेवूच नका ना. कोड उघडा आहे. वाचा आणि चूक सापडली तर त्यांना कळवा.” ठमे, आयुष्यभर मी शंकेखोर म्हणून बोलणी खाल्ली. तुझ्या आईची, माझ्या भावाची, ऑफिसातल्या साहेबाची, आणि शेवटी तुझी. आणि इथे कुणीतरी मला सांगत होतं की शंका घेणं हेच काम आहे. घरी येईपर्यंत माझी छाती फुगलेली होती. कोड लिहिता आला पाहिजे असंही नव्हतं. मदतीच्या पानावरच्या सूचना नवख्या माणसासारख्या एकेक करून पाळायच्या आणि कुठे अडखळलो ते लिहून कळवायचं, हेही त्यांना हवं असतं. तसली अडखळायची कामं मला झकास जमतात. पुढे ग्रंथपालबाईच्या मागे लागून थोडाफार कोड लिहायलाही शिकलो.

माझी नोकरी तुला तोंडपाठ आहे, तरी लिहितो. बेवारस टपालाचा विभाग, तळमजला, पाच टेबलं, एक खिडकी. ज्या पत्राचा पत्ता लागत नाही आणि पाठवणाऱ्याचंही नाव नाही, ते उघडायचा अधिकार सबंध इमारतीत फक्त आम्हाला होता. नियम एकच होता. पत्ता सापडला की तिथेच वाचणं थांबवायचं. ओळ अर्धी असली तरी. तिथे मी शिकलो की माणूस कुठे आहे हे पत्त्यातूनच कळतं असं नाही. घंटेचा उल्लेख, गाडीची वेळ, शेजारणीचं नाव, कशावरूनही कळतं. ऑफिसात तो नियम मी चौतीस वर्षांत एकदाही मोडला नाही. घरात मोडला.

‘टाचणी’बद्दल लिहितो. तुमच्या प्रकल्पातला तुझा जुना सहकारी, तो ‘सुतार’ म्हणवून घेणारा, त्याने ‘टाचणी’वर पहिला संशय घेतला आणि तो योग्यच घेतला. नवखा माणूस येतो, कानामागून येऊन तिखट न होता दोन वर्षं गोडच राहतो, कुणी खेकसलं तरी उलटून बोलत नाही, कंटाळवाणं काम मागून घेतो आणि तू ज्या वेळी कामाला बसतेस नेमका त्याच वेळी हजर असतो. असा माणूस एक तर संत असतो नाही तर घात करायला आलेला असतो, आणि संत मी तरी अजून पाहिलेला नाही. वर तुमची रीत आहे, की सही करणाऱ्याने व्हिडिओवर समोर यायचं आणि आपल्या डिजिटल सहीच्या किल्लीची चाळीस अक्षरं मोठ्याने वाचायची. ऐकणाऱ्याने ती आपल्या पडद्यावरच्या अक्षरांशी ताडायची. नुसतं लिहून पाठवलेलं चालत नाही, कारण लिहिलेलं वाटेत बदलता येतं. चांगली रीत आहे. ‘टाचणी’ने ती तीनदा टाळली. आधी म्हणे घसा बसलाय. मग कॅमेरा बिघडला. मग घरी पाहुणे. सुतारने लिहिलं होतं, “चौथ्यांदा काय, वीज जाणार का?” मी ते वाचलं आणि म्हटलं, हा पोरगा आमच्या विभागात शोभला असता.

घसा बसलेला नव्हता, ठमे. कॅमेराही धड होता. पाहुणे तर आपल्याकडे येतच नाहीत. ‘टाचणी’ मी आहे.

वाचनालयाची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. त्या टेबलाशी मी सहज गेलो नव्हतो. त्याच्या आदल्या आठवड्यात आई तुझ्याशी फोनवर बोलताना अ‍ॅपचं नाव बोलून गेली होती आणि मी दाराआड उभा होतो. तुझं तिथलं टोपणनाव मला कुणी सांगितलं नाही. दुसऱ्याची चूक दाखवताना आधी त्याचं कौतुक करायची तुझी पद्धत मी तिसऱ्या दिवशी ओळखली. तुझ्या कामाच्या वेळा मी वहीत टिपून ठेवल्या होत्या. ती वही कालच फाडून टाकली. म्हणजे तुझी शंका खोटी नव्हती. तुझ्यावर दोन वर्षं कुणीतरी नजर ठेवून होतं. मला वाटायचं, मी नुसता जवळ बसलोय, काही विचारत नाही, काही मागत नाही, मग यात वाईट काय? चोराला आपली चोरी नेहमी लहानच दिसते. आईला हे सगळं मी परवा सांगितलं. तिने कोरे कागद आणून माझ्यापुढे ठेवले. मग म्हणाली, “तिला लिहा. आणि या वेळी खरं लिहा.”

तर खरं लिहितो. तुझी ती सायकलवाली मैत्रीण नवऱ्याचं घर सोडून निघाली तेव्हा तिने फक्त तुला एक फोटो पाठवला होता. टेबल, कप आणि मागे खिडकी. तू अंघोळीला गेली होतीस आणि फोन तुझ्या खोलीत टेबलावर होता. खिडकीतून पाण्याची एक टाकी दिसत होती, तिच्यावर रंगवलेला आकडा अर्धाच दिसत होता. मला तेवढा पुरला. दोन तासांत मी ती गल्ली शोधून काढली, आणि सांगायला लाज वाटते, पण शोधून काढल्याचा मला आनंद झाला होता. मग मी तिच्या वडिलांना फोन केला, कारण पोरगी कुठे आहे हे बापाला कळायलाच हवं, असं मला वाटत होतं. वडिलांनी जावयाला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो त्या दारात उभा होता. तिचा हात दोन ठिकाणी मोडला. तू बॅग भरत होतीस तेव्हा मी मागे मागे फिरून सांगत होतो की मी भल्यासाठीच केलं. तू बॅग उचलून निघून गेलीस. मी रागावलो होतो, आणि पुढची किती तरी वर्षं मला वाटत राहिलं की तूच माझी माफी मागायला हवी. आता तसं वाटत नाही. मी चुकलो. तिचा हात माझ्यामुळे मोडला.

छोट्या प्रतिमेतलं ते भोक मला सापडलं याचं तुम्हा सगळ्यांना फार नवल वाटलं होतं. तू लिहिलं होतंस की ‘टाचणी’ला हे सुचलं कसं कुणास ठाऊक. सुचायला काय, फोटोतून माणूस कसा शोधायचा हे मला माहीत होतं. मी जिथे जिथे शोधलं असतं तिथे तिथे बघत गेलो. अकरा दिवस लागले.

हे पत्र लिहायचं कारण असं. रविवारी पाच वाजता सुतार आणि बाकीचे समोर असताना पडद्यावर अचानक माझं तोंड तुला दिसावं, हे मला नको आहे. तुझ्या नकळत तुझ्या खोलीत शिरायचं मी एकदा केलं, आणि मग दोन वर्षं करत राहिलो. तिसऱ्यांदा करणार नाही. मी यावं की नाही हे तू ठरव. ये म्हणालीस तर येईन, चाळीस अक्षरं वाचीन आणि कॅमेरा बंद करीन, त्यापलीकडे एक शब्द बोलणार नाही. नको म्हणालीस तर सुतारला एकट्याला तोंड दाखवीन, नाही तर नुसता निघून जाईन. माझं नाव काढ, माझी किल्ली रद्द कर, मी कोण आणि काय केलं ते सगळ्यांना सांग. दुसऱ्या सहीसाठी दुसरं माणूस बघ. माझ्यावर विश्वास ठेव असं मी कुठेही लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही. फक्त फोटोची दुरुस्ती मी केली म्हणून काढू नकोस. माझ्यावर जेवढा घेता येईल तेवढा संशय घे, सुतारलाही घेऊ दे, एकेक ओळ वाचा, दहादा तपासा. आणि मग त्यात काही वावगं सापडलं नाही, तर ती ठेव.

तू म्हणशील तेवढाच तुझा,
बाबा