वापसीचं तिकीट

कुलदीपचे बाबा,

मी पोरासंग सौसरले तिकिटवाल्याकडे जाऊन राहिली. भाकरी टोपलीत आहे, वांग्याची भाजी गंजात. गरम करून खाजा.

काल नागपूरच्या विमानतळावरून वापस आली, तवा तुम्ही "बरं झालं" म्हणून संत्र्याच्या बगीच्यात निघून गेले. काय झालं ते तरी ऐकाचं होतं. सिंगापूरचं माहं फक्त जायचं तिकीट होतं. विमानतळावरची पोरगी म्हणे, तिथून निघायचंही तिकीट दाखवा, त्याच्याबिगर पाहुण्या माणसाले तिकडं घेत नाहीत. कुलदीप तिच्याशी भांडला, पण त्याची काही चूक नव्हती. तिकडं आपल्या लेकीचं, तृप्तीचं पहिलं बाळंतपण. बाळंतपणाले जाताना मायनं वापसीचा दिवस आधी ठरवू नये म्हणतात ना आपल्यात, म्हणून मीच त्याले वापसीचं काढू देलं नाही. आता ठरवाच लागते.

खरं सांगू? विमानतळावरची ती पोरगी म्हणे, "आई, वापस कधी येणार?" माहं जायचं ठरलं तवापासून घरात हे कोणी विचारलंच नव्हतं. तुम्ही तर नाहीच.

तिकिटवाला तारीख विचारीन. मी तिथूनच तुम्हाले फोन लावते, तो उचलजा. मी घरी कधी पाहिजे, ते तुमच्या तोंडानं सांगा. "तुह्या मनानं पाह्य" म्हणसान, तर सगळ्यात लांबची तारीख घेईन.

केसर