खोली नंबर नऊ

३ ऑक्टोबर
आंघोळीला निघाले तर गडचांदूरच्या कोचिंग क्लासवाल्यांचा फोन. साइट बंद. "अनिलभाऊ असते तं पाच मिन्टात करून देत होते." हो. असते तर. मी म्हटलं बघते. काय बघणार, कपाळ? दादाला जाऊन आज बावन्न दिवस. डोक्याचा मलेरिया, चार दिवसांत सगळं संपलं. त्याचा नंबर लागत नाही म्हणून लोक आता मला शोधतात.
दुपारी टायपिंग क्लासची बॅच उरकून आले आणि त्याच्या टेबलाशी पहिल्यांदा बसले. धूळ. आई कुणाला पुसू देत नाही. वही सापडली. पहिल्या पानावर त्याच्या तिरक्या अक्षरात: एक मशीन, नऊ खोल्या. खो. १ कोचिंग क्लास. खो. २ राइस मिल. खो. ३ मडावी गुरुजी, गाणी. असं आठपर्यंत. नवव्या खोलीसमोर एकच शब्द: आपली.

५ ऑक्टोबर
दादा जेवताना सांगायचा आणि मी अर्ध्या कानानं ऐकायची. आता आठवेल तसं लिहून ठेवते. मुंबईकडं एका कंपनीच्या थंडगार हॉलमध्ये एक मोठं मशीन आहे. दादानं ते अख्खं वर्षाच्या करारानं घेतलं आणि आत प्रोग्रामनं भिंती घालून नऊ खोल्या पाडल्या. एकेक खोली म्हणजे गिऱ्हाइकाचा वेगळा कॉम्प्युटरच. ज्याच्या त्याच्या खोलीची किल्ली ज्याच्या त्याच्याकडे. मोठ्या दाराची फक्त दादाकडे. मोठं दार उघडलं की आतून कुठलीही खोली उघडता येते.
करार १५ डिसेंबरला संपतो. वाढवायचा तर मोठ्या दारातूनच. नाहीतर मशीन पुसून दुसऱ्या कुणाला तरी देतात.
मोठ्या दाराचा पासवर्ड वहीत होता. टाकला. लागला! नाचायचंच काय ते बाकी होतं. मग पुढचं पान आलं: तुमच्या फोनवरच्या अॅपमधले सहा आकडे टाका.
फोन.

६ ऑक्टोबर
काल पुढं लिहवलं नाही.
आमच्या घरात माणसाच्या रोजच्या हातातली एक वस्तू अस्थींबरोबर नदीत सोडतात. आजोबांची तंबाखूची डबी गेली, आजीची पानाची चंची गेली. दादाच्या हातात रोज काय असायचं? आणि तो फोन तर त्या तीन दिवसांत सारखा वाजत होता. ज्यांना कळलं नव्हतं ती गिऱ्हाइकं. प्रत्येक रिंगला आई दाराकडं बघायची. तिसऱ्या दिवशी बाबा अस्थी घेऊन मार्कंड्याला निघाले तेव्हा मी तो चालू फोन त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "हा पण न्या." मला कुणी सांगितलं नव्हतं. वैनगंगा तेव्हा दोन्ही काठ भरून.
बाबांना एवढंच ठाऊक आहे की आपली बेबी दादाचं काम शिकते आहे. तेवढंच राहू दे.

११ ऑक्टोबर
दादाचा नंबर बाबांच्या नावावर करून घेतला. दाखला, आधार, तीन चकरा. सिम माझ्या जुन्या हँडसेटमध्ये घातलं आणि वाट पाहत बसले. आकडे काही येईनात. मोबाइल दुकानवाला म्हणाला, "ताई, थे सिमवर येतच नाई. थे त्या फोनच्या आतच तयार होते." म्हणजे नदीच्या तळाशी.
चारच्या सुमारास टेबलावर तो हँडसेट वाजला. उचलला तर एका कानात आईचा आवाज आणि दुसऱ्या कानात, स्वयंपाकघरातून, आईचाच. ती रोज लावून बघते म्हणे. रोज! आणि मी याच घरात राहते.
"लागला ना माय," ती म्हणाली. मी फोन बंद केला. 

१५ ऑक्टोबर
मशीनच्या कंपनीला लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं. भाषा अगदी गोड. खातेदारानं स्वतः संपर्क साधावा. साधायला सांगते त्याला.
बेत असा: माझ्या नावानं दुसरं मशीन घ्यायचं, लहान. त्यात आठ खोल्या पाडायला शिकायचं. मग एकेका गिऱ्हाइकाकडं जाऊन त्याची किल्ली मागायची, त्याच्याच दारानं आत शिरून सामान इकडं हलवायचं. ते दोन महिन्यांत जमवायचं. नवव्या खोलीला गिऱ्हाईक नाही. तिची किल्ली वहीत नाही. काय आहे तिच्यात तेही माहीत नाही. सोडून देऊ, असं आज तरी म्हणते.

१९ ऑक्टोबर
नवीन मशीन आलं. सकाळी दहाला उत्साहानं पहारा बसवला, फायरवॉल. धड्यात लिहिलं होतं की आधी आपल्या येण्याजाण्याचं दार मोकळं ठेवा आणि मग पहारा चालू करा. मी आधी पहारा चालू केला. संपलं. माझंच मशीन मला ओळखेना. सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. दादा असता तर हसून हसून खुर्चीवरून पडला असता. "बेबे, तू भाडेकरू ठेवशील आन् सोताच फाटकाबाहेर बसशील." हे त्यानं खरंच एकदा म्हटलेलं आहे. मी तेव्हा रागावले होते.
आज रागवायला कुणी नाही. खूप रडले. मग पुन्हा केलं. दुपारी तीनला जमलं.

२६ ऑक्टोबर
गडचांदूर. आधी कोचिंग क्लास, मग खो. ५, सिमेंटच्या ट्रकवाल्यांचं ऑफिस. टेबलावर बोटानं रेघ ओढता येईल एवढी पांढरी धूळ. मॅनेजर म्हणाला, "तुमच्यानं होते का ताई? का एखाद्या माणसाले सांगू?" मी म्हटलं किल्ली द्या, मग बघू. किल्ली कुठं तर देवाच्या फोटोमागं, मॅनेजरच्याच अक्षरात. क्लासवाल्यांची पंचांगात होती. दादानं प्रत्येकाला समोर बसवून हातानं लिहायला लावलेलं. म्हणे, फोनचा भरवसा नाही, फोन हरवतो, कागद घरातच राहतो.
स्वतःचं मात्र सगळं फोनमध्ये. शहाणा!
दोन्ही खोल्या हलवल्या. मॅनेजरनं चहा पाजला. परतीच्या गाडीत कळलं की आज दिवसभरात मी दादाचा विचार "तो" म्हणून केला, "गेलेला" म्हणून नाही.

१ नोव्हेंबर
दिवाळी. यंदा आमच्याकडं नाही. शेजारच्यांनी ताट पाठवलं, आईनं झाकून ठेवलं. खो. ६ आणि ७ हलवल्या.

९ नोव्हेंबर
अहेरीच्या पुढं, मडावी गुरुजींकडं. बसमध्ये साडेचार तास, मग त्यांचा पुतण्या गाडी घेऊन आला. गुरुजी निवृत्त झाल्यापासून गावोगाव म्हाताऱ्या बायांची गोंडी गाणी जमवतात. रेकॉर्डिंगला सोबत दादा असायचा. किल्ली जुन्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावर, सुरेख मास्तरी अक्षरात.
अंगणात बसलो. गुरुजी म्हणाले, "बाई, याच्यातल्या निम्म्याहून जास्त बाया आता नाई राह्यल्या. आवाज तेवढा तुह्या भावापाशी ठेवला होता." मी म्हटलं, एकही जाऊ देणार नाही. एवढं ठणकावून बोलायचा मला काय अधिकार, कोण जाणे.
मग ते हसले. "माइक लावला का थो आधी सोताच बोलत होता. तारीख, गाव, कोन गाते, आज जेवाले काय होतं. एकदा तं मोहाच्या फुलाइवर पाच मिन्टं बोलला. मंग गान्यातून थे कापून काढे. मी म्हटलं, फेकून काऊन देतं? तं म्हने, फेकत नाई गुरुजी. माह्या खोलीत टाकतो."
माझ्या हातातला चहा निवला.
आमच्याकडं त्याचा आवाज नाही. लग्नाकार्यात तो कॅमेऱ्याच्या मागं. मला निरोप पाठवायचा तर टाइप करायचा, बोलायचा कंटाळा. जे काही होतं ते त्याच्या फोनमध्ये होतं. जो मी दिला.

१२ नोव्हेंबर
खो. ३ हलली. गुरुजींची सगळी गाणी पोचली, एकेक फाइल मोजून घेतली. नंतर शेवटच्या फाइलपासून ऐकत बसले. दादानं इतकी सफाईनं कापली आहेत की कुठं श्वाससुद्धा ठेवलेला नाही. गाणं सुरू, गाणं संपलं. एका फाइलच्या शेवटी म्हातारी थांबते आणि कुणीतरी म्हणतं, "झालं का बाई?" त्यातलंही "बाई" अर्धं तुटलं आहे.
दादा!
किती वेळा लावलं ते लिहीत नाही. आईला ऐकवलेलं नाही. एवढंसं ऐकवून तिला काय मिळणार? नवव्या खोलीत तो मोहाच्या फुलांवर पाच मिनिटं बोलतो आहे.

१४ नोव्हेंबर
मशीनला हाक मारायची एक कमांड असते, पिंग. आत जाता येत नाही, पण बाहेरून विचारता येतं, आहेस का? असेल तर उत्तराची एक ओळ येते. नवव्या खोलीला हाक मारली. लगेच ओळ आली. आता रोज सकाळी मारते. आई देवाला फूल वाहते तेव्हा मी हे करते. खुळेपणा आहे, मला कळतं.

२० नोव्हेंबर
आज घात झाला. कंपनीत एकदाचं फोनवर माणूस भेटला. त्याला सांगत होते, "हँडसेट अस्थींसोबत नदीत सोडला गेला हो, आकडे कुठून आणू?" वळून बघते तर दारात बाबा. हातात दळणाचा डबा.  डबा ठेवला, चप्पल घातली, गेले.
फोनवरचा माणूस म्हणाला, मृत्यूचा दाखला, वारस दाखला, अर्ज पाठवा. विचार करू.

२१ नोव्हेंबर
बाबा मार्कंड्याला होते, काल आणि आजही. पाणी उतरलं आहे. मासे धरणाऱ्या ओळखीच्या एका ढिवराला घेऊन, फोन जिथं सोडला तिथं त्याच्या डोंग्यातून, लहान होडीतून, शोधत होते. ढिवर त्यांना म्हणाला, "भाऊ, मधात पुराचं केवढं पानी गेलं इथून." तरी ते उतरले. बासष्ट वर्षांचा माणूस कमरेइतक्या पाण्यात, पायानं वाळू चाचपत. घरी आले तर ओठ निळे पडलेले.
"मीच सोडला ना थो," म्हणाले. "माह्याच हातानं."
मी म्हटलं, "तुमच्या हातात मी दिला बाबा. तुम्ही तर त्याची डायरी नेणार होता."
त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही. मी गरम पाणी आणलं, पाय धुतले. बोटांच्या बेचक्यांत वाळू होती. सापडला असता तरी चालू झाला नसता. तीन महिने पाण्यात. मी टॉवेलनं पाय कोरडे केले.

२ डिसेंबर
वारस दाखला एकदाचा हातात. तहसीलच्या चकरा बाबांनी मारल्या, मला क्लास सोडू दिला नाही. सगळं कंपनीला पाठवलं. पोच आली: तपासणीला कामाचे दहा दिवस. मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले. शनिवार-रविवार वगळून दोनदा मोजले. १५ च्या अलीकडं बसत नाहीत.
आठही खोल्या माझ्याकडं नीट चालू आहेत. राइस मिलवाले म्हणाले, पहिल्यापेक्षा फास्ट आहे. दादाला खटकलं असतं.

९ डिसेंबर
आईला नवव्या खोलीचं कळलं. मी बाबांना सांगितलं होतं, त्यांनी सांगितलं असणार. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "का बोलते म्हन्ते थो त्याच्यात?" मी म्हटलं, तारीख सांगतो, गाव सांगतो, जेवायला काय होतं ते सांगतो.
"कोनाच्या घरी जेवला थे बी सांगते का?"
"सांगत असेल."
"घरी इचारलं तं कवाच सांगे नाई," म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली. ती करपली.
तिला तेवढंच ऐकवलं शेवटी. "झालं का बाई?" तिनं एकदाच ऐकलं. दुसऱ्यांदा नको म्हणाली.

१३ डिसेंबर
कंपनीला तिसरं पत्र. उत्तर: आपला अर्ज प्रक्रियेत आहे. मुदत थांबवाल का, एवढंच विचारलं होतं. त्याला उत्तर नाही.

१५ डिसेंबर
क्लासला दांडी मारली. सकाळी आठला हाक मारली. ओळ आली. दहाला आली. बाराला आली. मशीन कितीला पुसतात ते कुणीच सांगत नाही. फोनवर फक्त संगीत वाजतं.
जेवण झाल्यावर बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. चष्मा लावून पडद्याकडं बघत होते. इंग्रजी ओळी, त्यांना काय कळणार? आई दाराच्या चौकटीला टेकून उभी. हातात ओला फडका होता. तिनं टेबलावरची धूळ पुसायला घेतली, कीबोर्डच्या कडेकडेनं, माझ्या हाताला धक्का लागू न देता.
बाबा म्हणाले, "आता का करून राह्यली?"
"हाक मारते आहे."
"उत्तर देते का थो?"
पडद्यावर एक ओळ आली. मग दुसरी.
"देतो."
"मंग इचारत राह्य."
विचारते आहे. आत्ता चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत.