पेटीवरचा पत्ता

प्रिय हान-सोल,

आधीच सांगून टाकतो, सिनेमा वाईटच आहे. माझं मत तसूभरही बदललेलं नाही. ते बदललं म्हणून मी पत्र लिहितोय असं तुला वाटलं, तर तू इथेच हसशील, आणि तू हसलीस की मला पुढचं काही सुचत नाही. मोबाइलवर लिहायला घेतलं की मी भांडतो, हे तुला माहीत आहे. बोटं डोक्याच्या पुढे धावतात. कागदावर निदान वाक्य संपेपर्यंत राग अर्धा होतो. म्हणून कागद.

इथे घरी, मोकपोत, थंडी ओसरतेय. मी सध्या बंदरावर मासळीच्या खोक्यांत बर्फ भरायचं काम करतो. हात सुजतात, पण डोकं मोकळं राहतं. मागच्या आठवड्यात तेक-सू दादा येऊन गेला. कॉलेजात होता तसाच आहे, दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खातो आणि वर ‘मीठ कमी आहे’ म्हणतो. तुझी खबर त्याच्याकडून कळली. तू अजून कॉलेजच्या मागच्या फाटकाजवळच्या त्याच तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहतेस, आणि वाचक मंडळाच्या बैठकीत माझी खुर्ची रिकामी ठेवण्याऐवजी तिच्यावर कोट टाकतेस. टाक. खुर्ची माझी नव्हतीच.

तुला आपली पहिली भेट आठवते? मंडळात ‘मिठागरावरचा उन्हाळा’ या कादंबरीवर बोलायचं होतं, आणि सगळ्यांच्या प्रती नव्याकोऱ्या. फक्त तुझ्या नि माझ्या प्रतीची पाठ उसवलेली. तू माझी प्रत उचललीस, उघडलीस, आणि ती आपोआप जिथे उघडली ते पान बघून म्हणालीस, “तूसुद्धा?” कपड्यांच्या पेटीचं पान. आपल्याकडच्या प्रत्येक पोरासारखा फिल-गुही लष्करात जातो. छावणीत वर्दी मिळाल्यावर अंगावरचे कपडे आणि बूट पेटीत भरून घरी पाठवतात, तशी त्याची पेटी आईकडे येते. आई ती उघडते, एक शब्द न बोलता कपडे धुते, मिठागराच्या कडेला दोरीवर वाळत घालते. आणि सुन-र्ये, जिला फिल-गुने जाताना काहीही सांगितलेलं नाही, सायकलवरून जाताना तो सदरा वाऱ्यावर हलताना बघते. थांबत नाही. पॅडल मारत पुढे जाते. बस. अख्ख्या पुस्तकात प्रेम हा शब्द नाही आणि त्या पानावर दुसरं काही नाही. तुझ्याशी त्या दिवशी त्या एका पानावर इतका बोललो की परतीची शेवटची बस चुकली. खरं सांगायचं तर चुकवली.

मग सिनेमा आला. ग्वांगजूच्या त्या जुन्या थिएटरात आपण सगळे पहिल्या रांगेत, मांडीवर पुस्तकं घेऊन, जणू परीक्षेला बसलोय. आणि सिनेमात काय, तर पेटी थेट सुन-र्येच्या दारात! ती पेटी फोडते, सदरा नाकाशी धरते, व्हायोलिन सुरू.  खेळ संपल्यावर दिग्दर्शिकाबाई प्रेक्षकांशी बोलायला आल्या, तर माइक माझ्या हातात कसा आला हे मला अजून कळलेलं नाही. मी म्हणालो, “बाई, तुमच्या घरातला कुणी लष्करात गेलाय का? पेटी घरी जाते. आईबापाकडे जाते. प्रेयसीला आपले घामट मोजे पाठवणारा एक पोरगा मला या देशात दाखवा.” लोक हसले. टाळ्याही पडल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, “पुस्तकात तिला काही मिळत नाही. मला वाटलं, तिला काहीतरी मिळावं.” मी पुन्हा बोलणार तेवढ्यात तू माइक घेतलास. माझ्या हातातून. आणि त्यांच्या बाजूने बोललीस.

नंतरचं भांडण भज्यांच्या गाडीवर झालं. सॅलडच्या कोवळ्या पानात भजी गुंडाळता गुंडाळता तेक-सू दादा म्हणाला, “आले, पुस्तकाचे वकील आले. अशिलाने फी दिली का?” तू मात्र हसली नाहीस. म्हणालीस, “मुन-ह्यक, ज्याच्या घरी दार उघडायलाच कुणी नाही, त्याने पेटीवर पत्ता कुणाचा लिहायचा?” मी ताडकन म्हणालो, “असा माणूस या पुस्तकात नाही.” तू म्हणालीस, “पुस्तकात नाही म्हणजे जगात नाही का रे?” मी म्हणालो, “आपण पुस्तकाबद्दल बोलतोय.” तू हातातलं भज्याचं पान ताटलीत ठेवलंस, “मग बोल तू पुस्तकाशीच,” म्हणालीस आणि निघालीस. मी मागे आलो नाही. सुन-र्ये थांबली नव्हती, तर मी का धावू, असलं काहीतरी तेव्हा डोक्यात होतं. वर त्याच दिवशी मंडळाच्या गटातून बाहेर पडलो. दार आपटल्याचा आवाज मोबाइलवर होत नाही याचं मला फार वाईट वाटलं होतं.

कॉलेज मी तुझ्यामुळे सोडलं असं मंडळात म्हणतात, असं दादा म्हणाला. म्हणू देत. ऐकायला बरं वाटतं. खरं कारण बाबा. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, स्वतःच्या छातीतली घरघर त्याने वर्षभर कुणाला ऐकू दिली नाही. मी घरी आलो तेव्हा त्यांना जिना चढवत नव्हता. आईला कळवलं, ती उल्सानला तिच्या नव्या संसारात असते, फळांची करंडी पाठवली तिने. मी दिवसा बर्फ भरायचो आणि आल्यावर त्यांच्याशेजारी बसायचो. बोलायला विषय नसायचा. आम्ही दोघांनी आयुष्यभर इंजिनाच्या आवाजावरून ओरडूनच बोलणं केलेलं. शेवटी मी पुस्तक वाचून दाखवायला लागलो. तेच, उसवलेलं. त्यांनी जन्मात कादंबरी हातात घेतली नव्हती. “हा पोरगा काहीच बोलत नाही, मुका आहे का?” असं फिल-गुबद्दल विचारायचे. मी चिडायचो. मी चिडलो की त्यांना बरं वाटायचं.

पेटीच्या पानाशी आलो तेव्हा मी मुद्दाम सावकाश वाचलं, माझं आवडतं म्हणून.  बाबा म्हणाले, “धुतले? बाईने कपडे धुऊन टाकले?” मी समजावायला गेलो, की तेच तर सगळं आहे, न बोलता धुणं, दोरी, वारा. मग त्यांना हेही सांगितलं की सिनेमात कशी वाट लावलीय, पोरगी पेटी फोडून वास घेत बसते. म्हटलं, आता तरी बाजू घ्या माझी. तर म्हणाले, “दोघींनाही दम धरवत नाही. तुझी पेटी आली की मी ती उघडणारच नाही. कपाटावर ठेवीन. तू ये आणि तूच उघड.” एवढं बोलून त्यांना खोकला आला आणि मी पान उलटलं. हान-सोल, मी पान उलटलं. पुढे ते काय म्हणणार होते, कुणास ठाऊक. मला वाटलं, पुस्तक अजून बरंच शिल्लक आहे.

पुस्तक अजून तिथेच आहे, मिठागरावर आभाळ भरून येतं त्या ओळीपाशी. बाबा गेले. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या अंत्यविधीच्या दालनात बाबांच्या फोटोसमोर उभा राहून मी आल्यागेल्यांना नमस्कार करत होतो, लाल तिखट रस्सा वाढत होतो, आणि बंदरावरचे लोक दारू पीत बाबांच्या शिव्या एकमेकांना आठवून सांगत होते. आई आली होती. पाहुण्यांच्या बाजूला बसली. तेक-सू दादाला बंदरावरून कळलं, म्हणून तो आला. त्याने चपला सरळ लावायचं काम आपणहून घेतलं आणि एकही विनोद केला नाही. तुला सांगू नकोस असं मीच त्याला बजावलं होतं. तू आली असतीस. आणि तू आली असतीस तर मी फोटोसमोर उभा राहू शकलो नसतो. त्याच्यावर रागावू नकोस.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. मला बोलावणं आलंय. कॉलेज सोडलं की सैन्याला आपली आठवण लगेच होते. येत्या मंगळवारी नोनसानच्या छावणीत हजर व्हायचंय. मागच्या आठवड्यात दादा आला तो हेच सांगायला, काय न्यायचं, काय नाही. जाता जाता दारात म्हणाला, “पत्ता इथूनच ठरवून जा. तिथे पेटी हातात देतात आणि मागे उभा राहून कुणीतरी खेकसत असतो. मी रडता रडता माझ्याच घराचा नंबर विसरलो होतो.” तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. इथला पत्ता लिहिला तर पेटी बंद दाराबाहेर पडून राहील. उल्सानचा लिहिला तर तिथली लहान मुलगी विचारेल, हे बूट कुणाचे, आणि आईला उत्तर शोधावं लागेल. दादा म्हणाला, बर्फाच्या कारखान्याचा दे, कपडे ताजे राहतील. मला तुझा लिहायचाय. सिनेमा वाईट आहे तो आहेच, त्या व्हायोलिनला मी मेलो तरी माफ करणार नाही. पण तू विचारलेल्या प्रश्नाचं माझ्याकडे हे एकच उत्तर आहे. नको असेल तर सोमवारपर्यंत ‘नको’ एवढंच पाठव, त्यावर मी भांडणार नाही. काही आलं नाही, तर मी तुझ्या तिसऱ्या मजल्याचा पत्ता लिहीन. पेटी आली तर धुऊ नकोस, वास घेऊ नकोस. उघडूच नकोस. बूट आतल्या आत कुबट होतील, होऊ देत. कपाटावर ठेव. मी येईन आणि मीच उघडेन. हे पुस्तकात नाही आणि सिनेमातही नाही, त्यामुळे यावर तरी आपल्याला भांडायला जागा नाही.

सोमवारपर्यंत आणि त्यानंतरही,
तुझाच
मुन-ह्यक